हळू पळणे: ओळखीचा रस्ता आणि बोलता येईल असा वेग

"पळून पाहिलं डॉक्टर, पण जमलं नाही. दोन मिनिटांत धाप लागली, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या, तिसऱ्या दिवसापासून बंद." चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णांकडून आम्ही हे नेहमी ऐकतो. रक्तदाब थोडा वाढलेला असतो, साखर काठावर असते, घरात कुणाला तरी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतो. व्यायाम हवा हे पटलेले असते. तरीही पहिल्याच आठवड्यात पळणे सुटते आणि "हे आपल्याला झेपणारं नाही" अशी समजूत कायमची होऊन बसते.

बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असते. वेग जास्त होता. शाळेतल्या शर्यतीत पळायचो तसे पळायला गेले की हृदय आणि फुप्फुसे लगेच थकतात, पायांवर ताण येतो आणि मनात भीती बसते. तोच माणूस निम्म्या वेगाने, रोजच्या ओळखीच्या रस्त्यावर पळू लागला, तर बहुधा पळू शकतो. त्याला त्यात गोडीही वाटते. असे पळणे कसे करावे, त्याने काय मिळते आणि कोणी आधी तपासणी करून घ्यावी, हे या लेखात पाहू. उदाहरणे नागपूरची आहेत, पण तुमच्या गावातही हेच लागू पडेल.

हळू म्हणजे किती हळू?

यासाठी घड्याळ किंवा महागडे यंत्र लागत नाही. पळताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, हा मध्यम श्रमाचा व्यायाम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग जास्त झाला. एकटे पळत असाल तर मनात नाही, मोठ्याने एखादे वाक्य बोलून पाहा.

जपानमधील फुकुओका विद्यापीठातील व्यायामशास्त्रज्ञ हिरोआकी तानाका यांनी अशा पळण्याला 'निको निको' वेग म्हटले. निको निको म्हणजे हसतमुख. चेहऱ्यावर हसू ठेवून जेवढ्या वेगाने पळता येते, तेवढाच वेग ठेवायचा. सुरुवातीला तो ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याइतकाच असू शकतो. शेजारून चालणारे काका तुम्हाला मागे टाकून गेले, तरी तुमचे काही चुकलेले नाही.

पावले लहान टाका. पाय शरीराच्या फार पुढे फेकू नका, तो शरीराखालीच टेकू द्या. खांदे सैल ठेवा, मुठी आवळू नका. मध्येच चालावेसे वाटले तर चाला. चालणे हा या व्यायामाचाच भाग आहे.

शरीरात काय घडते?

हळू आणि सलग हालचालीत स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळतो. त्यामुळे शरीर साखरेबरोबर चरबीही चांगल्या प्रमाणात इंधन म्हणून वापरते. आठवडे-महिने हे चालू राहिले की स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात आणि पेशींमधील ऊर्जा तयार करणारे घटक, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. हृदय एका ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागते, म्हणून विश्रांतीत नाडी कमी होते. इन्सुलिन अधिक परिणामकारक ठरते आणि रक्तदाब थोडा उतरतो. झोप सुधारते. अनेकांना मन हलके झाल्याचा अनुभव येतो.

वेगाने पळाल्यावरही यातले बरेच फायदे मिळतात. पण वेगाने पळणे आठवड्यातून तीन-चार वेळा, वर्षानुवर्षे चालू ठेवणे फार थोड्यांना जमते. दुखापतीची शक्यताही वाढते. औषध कितीही चांगले असले तरी रुग्णाने ते घेतले तरच उपयोग. व्यायामाचेही तसेच आहे.

अभ्यास काय सांगतात?

२०१४ मध्ये अमेरिकेतील ५५,१३७ प्रौढांचा सरासरी १५ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पळणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू होण्याचे प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले. दिवसाला पाच-दहा मिनिटे आणि हळू पळणाऱ्यांमध्येही हा फरक दिसला.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनमधील अभ्यासात आठवड्याला एक ते अडीच तासांच्या आसपास, हळू किंवा मध्यम वेगाने पळणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. वेगाने आणि खूप पळणाऱ्यांची संख्या त्या अभ्यासात थोडी होती, त्यामुळे वेगाने पळणे घातक आहे असा अर्थ त्यातून काढता येत नाही. हे दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. पळणारी माणसे इतर बाबतींतही तब्येत सांभाळणारी असू शकतात. तरी एक गोष्ट यातून नक्की घेता येते. फायदा मिळवण्यासाठी वेग लागतोच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. हळू पळणे आणि भरभर चालणे मिळून ही वेळ पूर्ण करता येते.

ओळखीचा रस्ता कशासाठी?

नागपुरात पहाटे अंबाझरी तलावाचा परिसर, फुटाळ्याचा काठ, सिव्हिल लाइन्समधले झाडांच्या सावलीचे रस्ते, सेमिनरी हिल्सचा चढ अशा ठिकाणी फिरणारी माणसे दिसतात. जुन्या नागपुरातल्या किंवा दक्षिण भागातल्या लोकांना रेशीमबाग मैदान जवळ पडते. पण घरापासून गाडीने वीस मिनिटांवर असलेल्या सुंदर जागेपेक्षा दारातून सुरू होणारा साधा रस्ता बरा. गाडी काढावी लागली की कंटाळ्याला निमित्त मिळते.

रोजच्या रस्त्याचे वैद्यकीय फायदेही आहेत.

• खड्डा, उचकटलेला पेव्हर ब्लॉक, उघडे चेंबर कुठे आहे हे माहीत असते. घोटा मुरगळणे आणि पडणे टळते.
• थकवा आला तर कुठे बसायचे, पाणी कुठे मिळेल, कुठून ऑटो मिळेल हे ठाऊक असते.
• चहाच्या टपरीवाले, दूधवाले, रोजचे फिरणारे तुम्हाला ओळखतात. काही त्रास झाला तर मदत लवकर मिळते.
• तोच रस्ता तुमची प्रगती मोजून देतो. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सकडे जाताना पूर्वी तीनदा थांबावे लागायचे आणि आता एकदाच थांबावे लागते, तर तुमची क्षमता वाढली.
• याच्या उलटही खरे आहे. नेहमीच्या सपाट रस्त्यावर अचानक दम लागू लागला, तर ती धोक्याची सूचना असू शकते. नव्या रस्त्यावर हा फरक लक्षात येत नाही.

सवय लागायलाही ओळखीचा रस्ता मदत करतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. तीच वेळ, तेच बूट, तेच वळण असले की मनाला दररोज नव्याने ठरवावे लागत नाही. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघा.

सुरुवात कशी करावी?

आधी तीस मिनिटे सलग भरभर चालता येते का ते पाहा. येत नसेल तर काही आठवडे फक्त चाला. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, असे करता येईल.

• पहिले दोन आठवडे: पाच मिनिटे चालणे. मग एक मिनिट हळू पळणे आणि तीन मिनिटे चालणे, असे पाच वेळा. शेवटी पाच मिनिटे चालणे.
• तिसरा व चौथा आठवडा: दोन मिनिटे पळणे, दोन मिनिटे चालणे, असे पाच ते सहा वेळा.
• पाचवा ते आठवा आठवडा: पळण्याचे टप्पे हळूहळू तीन, पाच, आठ मिनिटांपर्यंत वाढवा. मध्ये दोन मिनिटे चाला.
• त्यानंतर: जमेल तसे वीस ते तीस मिनिटे सलग. चालायची विश्रांती हवी असेल तर ती कायम ठेवली तरी चालते.

जो आठवडा जड जाईल तो पुन्हा करा. आधी मिनिटे वाढवा, वेग आपोआप येईल. नाही आला तरी बिघडत नाही. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस खुर्चीतून उठबस, टाचा उचलणे, भिंतीला टेकून दंड असे साधे व्यायाम करा. मांड्या आणि पोटऱ्या बळकट असल्या की गुडघ्यांवरचा भार कमी होतो.

बूट महागच हवेत असे नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, टाच घसरू नये. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पॅन्ट, जे सोयीचे वाटेल ते घाला.

नागपूरच्या ऋतूंचा हिशेब

उन्हाळा: मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेले ते कळत नाही. उजाडते साडेपाचच्या सुमारास. त्याआधी किंवा त्याच वेळी निघा आणि साडेसहापर्यंत घरी या. उष्णतेमुळे त्याच वेगाला हृदय जास्त धडधडते, म्हणून वेग आणखी कमी करा. उष्णतेची लाट जाहीर झालेल्या दिवशी पळू नका, घरातल्या घरात व्यायाम करा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एप्रिलमध्ये एकदम सुरुवात करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. निघण्यापूर्वी पाणी प्या. आल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, ताक किंवा पन्हे चालेल. रक्तदाब असेल तर मीठ आणि मधुमेह असेल तर साखर जपून वापरा.

पावसाळा: हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तापमान कमी असूनही थकवा जास्त येतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पाय टाकू नका. विजा चमकत असतील तर मोकळे मैदान आणि एकटे झाड दोन्ही टाळा, पक्क्या इमारतीत थांबा. ताप असेल तर पळू नका. ताप उतरल्यावरही डेंग्यूसारख्या आजारानंतर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

हिवाळा: २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश तापमान नोंदले गेले होते. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयरोग, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ऊन पडल्यावर निघावे आणि पहिली दहा मिनिटे फक्त चालावे. थंड पहाटे धूर जमिनीलगत साचतो. हवेचा दर्जा खराब असेल त्या दिवशी पळणे टाळा.

आधी डॉक्टरांना कोणी भेटावे?

चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, धाप किंवा चक्कर येत असेल, कधी भोवळ येऊन पडला असाल, घरात कुणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झाला असेल, किंवा खालीलपैकी काही असेल, तर आधी तपासणी करून घ्या. साधा ईसीजी ठीक आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, असे नसते. गरज वाटल्यास डॉक्टर ट्रेडमिल चाचणी किंवा इकोचा सल्ला देतील.

• हृदयरोग, अँजिओप्लास्टी किंवा बायपास: आधी चालणे. पळण्याची परवानगी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडूनच घ्या. बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही. त्यामुळे घड्याळातल्या आकड्यांपेक्षा बोलण्याच्या चाचणीवर विसंबा.
• उच्च रक्तदाब: विश्रांतीत १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर आधी उपचार.
• मधुमेह: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर पळताना किंवा नंतर साखर घसरू शकते. सुरुवातीचे काही आठवडे आधी व नंतर साखर मोजा. १०० च्या खाली असेल तर काही खाऊनच निघा. २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर निघू नका. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवा. पायांना मुंग्या, बधिरपणा किंवा जखम असेल, किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर आधी विचारा. रोज तळपाय पाहा.
• लघवी वाढवणाऱ्या गोळ्या: उन्हाळ्यात पाणी लवकर कमी होते. व्यायामाच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला. गोळी मनाने बंद करू नका.
• सिकलसेल: विदर्भात हा आजार महाराष्ट्राच्या इतर अनेक भागांपेक्षा जास्त आढळतो. सिकलसेलचे रुग्ण असाल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पळू नका. पाणी कमी होणे, अतिश्रम आणि थंडी यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असतात आणि व्यायाम करू शकतात. मात्र उन्हात जोर लावून पळाल्यास क्वचित स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. त्यांच्यासाठी हळू वेग, भरपूर पाणी आणि विश्रांती हे नियम कडक आहेत. कुटुंबात आजार असेल आणि तुमची तपासणी झाली नसेल, तर सरकारी रुग्णालयात रक्ताची साधी चाचणी करून घ्या.

गुडघे झिजतील का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात हौसेने पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांमध्ये गुडघा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. बैठे जीवन जगणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के होते. म्हणजे निरोगी गुडघ्याला माफक पळण्याने इजा होते, असे दिसत नाही.

आधीच झीज असेल, वजन बरेच जास्त असेल किंवा गुडघा सुजत असेल, तर चालण्यापासून सुरुवात करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. नियम सोपा आहे. हलके दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत गेले तर चालेल. सूज आली, लंगडावे लागले किंवा दुखणे रोज वाढत गेले, तर थांबा.

लगेच कधी थांबावे?

• छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ, हात, जबडा किंवा पाठीत कळ
• विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप, थंड घाम, भोवळ, अनियमित धडधड
• उन्हात डोके दुखणे, मळमळ, बरळणे, तोल जाणे

"ॲसिडिटी असेल, थोडं पळालं की जाईल," असे म्हणून पुढे जाण्यात अनेकांचा मौल्यवान वेळ गेला आहे. श्रमाने येणारी आणि थांबल्यावर कमी होणारी जळजळ हृदयाची असू शकते. बसा, कुणाला तरी सांगा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

ऊन लागून माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

कुत्रा मागे लागला तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे पाठ करू नका, हळूहळू मागे सरका. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. जखमेला हळद, तिखट लावू नका.

घरच्यांसाठी

घरातले कुणी पळायला लागले की काळजी वाटते, विशेषतः आधी काही आजार झाला असेल तर. "या वयात कशाला?" असे म्हणून थांबवण्यापेक्षा पुढील गोष्टी करा. कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता येणार ते विचारून ठेवा. नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असू द्या. पहिले काही दिवस सोबत चाला. "एवढं हळू? याला काय पळणं म्हणतात?" अशी थट्टा करू नका. त्या थट्टेपायी माणूस वेग वाढवतो आणि तिथेच त्रास सुरू होतो.

स्त्रियांचा घरातला पहाटेचा वेळ डबे आणि पाण्यात जातो. तीन सकाळी त्यांची कामे दुसऱ्या कुणी उचलली, तर त्यांचेही पळणे सुरू होऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठीही असा व्यायाम उपयोगी आहे. पळताना लघवीचे थेंब जात असतील तर लाजून व्यायाम सोडू नका. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामांनी हा त्रास पुष्कळ कमी होतो. डॉक्टरांना सांगा.

रविवारी पळून झाल्यावर मित्रांबरोबर तर्री-पोहा खावासा वाटला तर आठवड्यातून एकदा खा, तर्री बेताने घ्या. त्या गप्पांमुळेच पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा उठणार असाल, तर तोही फायदाच आहे.

थोडक्यात

पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. घराजवळचा, माहितीचा रस्ता निवडा. ऋतू पाहून वेळ ठरवा. आजार असेल तर आधी विचारा आणि त्रास झाला तर थांबा. उद्या सकाळी फार काही करायचे नाही. बूट घालून चौकापर्यंत चाला, तिथून एक मिनिट हळू पळा आणि अजून पळावेसे वाटत असतानाच घरी या.